गराशाची ट्रायल

आमची जुनी पिकअप गाडी विकायला नऊ वर्षं आणि एक दुपार लागली. नऊ वर्षं बापूंनी घेतली, दुपार माझी. त्या नऊ वर्षांत कुणाच्याही जिवावर बेतलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बापू म्हणजे माझे वडील. आमचा तांडा बोरी अरबच्या अलीकडे, फाट्यावरून आत. आमच्या जुन्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरायच्या. आता आम्ही सगळे एका जागी बसून शेती करतो, पण बापूंचे पाय काही जागेवर बसले नाहीत. तरुणपणी त्यांनी दोन बैलजोड्या विकून ही सेकंडहँड पिकअप आणली आणि तिचं नाव ठेवलं गराशा. तांड्याच्या लदेणीत, म्हणजे माल लादलेल्या बैलांच्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे चालणारा बैल म्हणजे गराशा. (आमचा गराशा आयुष्यात कुणाच्याही पुढे गेला नाही. पण नाव ठेवायला कोण अडवतं!)

त्यानं कापूस वाहिला, वऱ्हाडं वाहिली, बाळंतिणी वाहिल्या. एकदा एक बंद पडलेली जीप ओढून आणताना तो स्वतःच बंद पडला, आणि मग त्या दोघांना बैलांनी घरी आणलं. रंग निळा, असं निदान कागदांवर तरी लिहिलेलं होतं. केबिनची मागची काच फुटून जमाना झाला होता. तिथं बापूंनी प्लायवूडचं फळकूट ठोकलं होतं, त्यामुळे मागे काय चाललंय ते चालवणाऱ्याला दिसत नसे. आरसा एकच उरला होता आणि त्यात फक्त आभाळ दिसायचं. एकदा बंद केला की ढकलल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. आणि ब्रेक! ब्रेक तीनदा दाबायचा. पहिल्यांदा दाबला की काहीच नाही. दुसऱ्यांदा दाबला की गाडी जराशी विचारात पडते. तिसऱ्यांदा दाबला की थांबते. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. घरातल्या कोंबड्यांनाही माहीत असावं, कारण त्या गाडी दिसली की इतरांपेक्षा दुप्पट अंतरावरून पळायच्या.

शेवटची काही वर्षं गराशा आमच्या अंगणात कडुनिंबाखाली नुसता उभा होता. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, मागच्या बाजूवर ताडपत्री ताणून तिथं आपलं कोठार केलं होतं. कुटाराची, म्हणजे भुशाची पोती, तुरीचं पोतं, फुटके टोपले, आणि एका कोपऱ्यात खुडुक बसलेली कोंबडी.

"विकून टाका ना वो," याडी दर दिवाळीला म्हणायची.

"गिऱ्हाईक येऊ दे," बापू म्हणायचे.

गिऱ्हाईकं यायची. बापू त्यांची मुलाखत घ्यायचे, आणि मुलीसाठी स्थळ बघताना घेत नाहीत इतकी कडक. एकजण सगळं बघून खूश झाला होता. बापूंनी विचारलं, "रात्री कोठी ठेवसान?"

"झाडाखाली, काका."

"कोन्त्या?"

"बाभळीच्या."

"काटे टायरात घुसतीन. जा तुम्ही."

दुसऱ्यानं दार जोरात लावलं म्हणून तो नापास. तिसऱ्यानं "किलोच्या भावानं देता का?" असं विचारलं, त्याला बापूंनी नुसतं पाणी दिलं, चहा दिला नाही. आमच्याकडे याला हाकलून देणंच म्हणतात.

शेवटी मी ठरवलं, बापू घरी नसताना हे काम उरकायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. लोकांना समजावून सांगणं हा माझा धंदाच! (मुलांना मूल्यशिक्षणही मीच शिकवतो. 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य फळ्यावर माझ्याच अक्षरात आहे.) फाल्गुनात बापू चार दिवस मुकुटबनला आपल्या बहिणीकडे गेले. मी लगेच मोबाईलवर गाडीचे फोटो टाकले, तेही ज्या बाजूनं गाडी बरी दिसते त्या बाजूचे. म्हणजे एकच फोटो टाकला.

रविवारी सकाळी अकराला गिऱ्हाईक हजर! गावंडेभाऊ, बाभुळगावकडचे. पन्नाशीचे, गोलमटोल, बोलायला गरीब. एसटीनं फाट्यापर्यंत आले आणि तिथून चालत. आल्या आल्या त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, झकास हाये. मी घेतो."

इतकं सोपं! मी इथंच थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी चार दिवस पाठ केलेलं भाषण अजून माझ्या पोटात होतं.

"असं कसं भाऊ," मी म्हटलं, "चालवून तं पाहा!"

"कायले? राहू द्या ना."

"नाही नाही, ट्रायल पाहिजेच. फाट्यापर्यंत जाऊन या. लोण्यासारखी चालते."

"ब्रेक-गिक बरोबर हायेत ना?"

इथं मी एक क्षण थांबलो. खरंच थांबलो. मग माझ्या तोंडून आलं, "एकदम कडक!"

तेवढ्यात याडी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "थांब रे संतोष, माही कोंबडी हाये गाडीत. अंडे हायेत तिच्याखाली."

"हो हो, काढ," मी म्हटलं. पण माझं सगळं लक्ष गावंडेभाऊंकडे होतं. ते एकदा केबिनमध्ये बसले की विचार बदलायच्या आत गाडी हलली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेजारचा उकंडाभाऊ कुंपणावरून सगळं बघतच होता. त्याला मी हाक मारली, "भाऊ, जरा धक्का दे!"

आम्ही दोघं मागून भिडलो. खाली मान, फळीला खांदा, "जोर लगाके, हैसा!" गराशा हलेना. पुन्हा "हैसा!" गाडीच्या पोटातून कसलातरी आवाज आला, "अऽऽरे थांऽऽबा!" असा काहीसा.

"हे काय वाजून राह्यलं?" मी धापा टाकत विचारलं.

"गिअरबॉक्स," उकंडाभाऊ म्हणाला. तो एकदा यवतमाळला गॅरेजवाल्याच्या शेजारी राहिलेला असल्यामुळे गाड्यांतलं त्याला सगळं कळतं.

आम्ही आणखी जोर लावला. गिअरबॉक्स आणखी जोरानं ओरडला. मग एक धाडकन आवाज, काळा धूर, आणि गराशा सुटला! धूळ उडवत, सगळी हाडं वाजवत तो पांदणीनं फाट्याकडे गेला. मी हात झटकले आणि उकंडाभाऊला म्हटलं, "पाह्यलं? नऊ वर्षांचं काम पाच मिनटात."

दहा मिनिटं गेली. फाटा दीड किलोमीटर. पंधरा गेली. वीस मिनिटांनी उकंडाभाऊ म्हणाला, "मास्तर, हा मानूस तुह्या ओळखीचा हाये का?"

"नाही."

"त्याचं काही ठेवून घेतलं का? चप्पल-गिप्पल?"

"नाही रे."

"मंग गेली गाडी."

गाडी चोरीला गेली! तीही मी ढकलून दिलेली! पोलिसांत तरी काय सांगू? 'चोराला गाडी सुरू करता येत नव्हती, म्हणून धक्का मारला'?

एवढ्यात माझी बायको सविता दारात आली. "याडी कोठी हायेत वो? भाकरी थंडी होऊन राह्यली."

"असंल इकडंच."

"इकडं कोठी? मघाशी कोंबडी काढाले गाडीत चढल्या, तेव्हापासून दिसल्या नाही."

मी उकंडाभाऊकडे बघितलं. उकंडाभाऊनं माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"मास्तर," तो म्हणाला, "थो गिअरबॉक्स नव्हता."

अनोळखी माणूस. ब्रेक नसल्यासारखी गाडी. आणि मागे माझी चौसष्ट वर्षांची आई, जिला मी स्वतः, "जोर लगाके" म्हणत, गावाबाहेर ढकलून दिलं होतं! मी घाईघाईनं तिला फोन लावला. तिचा फोन घरातच देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लावलेला होता, तिथून त्याची आरती सुरू झाली.

उकंडाभाऊ मोटरसायकल काढायला धावला. तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव, बापू.

उचलावा की न उचलावा? मी उचलला.

"संतोष," बापू म्हणाले, "मले काही करमून नाही राह्यलं तिकडं. मी वापस येऊन राह्यलो, एसटीत हावो. तुही याडी कोठी हाये?"

"घरीच हाये बापू," मी म्हटलं. एकदा खोटं बोलायला लागलं की जीभ आपोआप उतारावर जाते. "भाकऱ्या करून राह्यली."

"बरं." फोनमधून एसटीची खडखड ऐकू येत होती. "मंग आत्ता आमच्या गाडीच्या बाजूनं गराशा गेला, त्याच्या मांगं कोंबडी घेऊन कोन बसेल होतं?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"तिनं हात केला," बापू म्हणाले. "मीनंही केला. मंग मले वाटलं, ही कोठी चालली?"

"बापू, तुम्ही फाट्यावर उतरा, मी येतो." एवढं बोलून मी फोन ठेवला, कारण त्यापुढचं मला ऐकवलं नसतं.

फाट्यावर बापू उभे होते. हातात पिशवी, डोक्याला पांढरा फेटा, चेहरा असा की एसटीचा कंडक्टरही उतरून त्यांच्यापासून दोन पावलं लांब उभा होता. मी सगळं सांगितलं. तेवढं सांगायला मला चारच वाक्यं लागली आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा वाईट होतं. बापू मोटरसायकलवर उकंडाभाऊच्या मागे बसले, त्यांच्यामागे मी. गाडी सुटली यवतमाळ रोडला.

थोड्या वेळानं बापूंनी मान न वळवता विचारलं, "ब्रेकचं सांगतलं होतं त्याले?"

वारा सुसाट होता. मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. पण मोटरसायकलवर तिघं इतके चिकटून बसलेले असतात की माझं पोट आत गेलं ते बापूंच्या पाठीला कळलं.

"नाही सांगतलं," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

एक किलोमीटरवर रस्त्यात फुटलेलं अंडं दिसलं. पुढे दुसरं. पुढे याडीची एक चप्पल. उकंडाभाऊनं वेग कमी न करता पाय काढून ती उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही तिघं नालीत जाता जाता वाचलो. पानठेल्यावर आम्ही थांबलो.

"भाऊ, निळी जुनी पिकअप गेली का हिकडून?"

"गेली ना," पानठेलेवाला आरामात चुना मळत म्हणाला. "मांगून एक बाई बोंबलत होती. आमाले वाटलं प्रचार हाये."

"काय म्हनत होती?"

"काही समजलं नाही. आमी म्हटलं, निवडून आली तं समजंलच."

बापूंनी उकंडाभाऊच्या खांद्यावर थाप मारली आणि आम्ही पुन्हा सुटलो. आता माझ्या लक्षात आलं होतं. गावंडेभाऊ चोर नव्हते. फाट्यावर त्यांनी ब्रेक दाबला असेल, एकदा. माणूस एकदाच दाबतो! गाडी थांबली नाही, तसे ते वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागले असतील, आणि आता थांबवायची कशी ते न कळून नुसते पुढे पुढे चालले असतील. मागचं त्यांना दिसत नाही, आवाजात ऐकू येत नाही. आणि पुढे नाल्याचा उतार आहे.

तो उतार माझ्या मनात आला तेव्हाच बापूंच्याही मनात आला असावा. कारण त्यांनी मागे हात करून माझं मनगट धरलं. मला लहानपणापासून बापूंनी कधी असं धरलेलं आठवत नाही. ते मला धरत होते की स्वतःला, कोण जाणे. वर चढावर पोचेपर्यंत मी आयुष्यात जितके देव ऐकले होते तितक्या सगळ्यांना काहीतरी कबूल केलं. (आमच्या घरात त्यानंतर वर्षभर दर महिन्याला एक नारळ फुटत होता.)

चढावरून खाली दिसलं. नाल्याच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, कुणीतरी शेतातली उपटलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, रचून ठेवली होती, घराएवढा ढीग. त्या ढिगात गराशा अर्धा घुसलेला. नुसतं मागचं टोक बाहेर. धूर नाही, आवाज नाही, माणूस नाही.

उकंडाभाऊनं मोटरसायकल उभी केली नाही, टाकलीच. आम्ही धावलो. बापूंचा फेटा सुटून मागे राहिला. मी "याडीऽऽ" अशी हाक मारली.

आणि ढिगाच्या पलीकडून आवाज आला.

"पानी पेय आधी. रडू नोको. एवढा मोठा मानूस, कायले रडते?"

पलीकडे गावंडेभाऊ जमिनीवर मांडी घालून बसले होते, तोंडावर पऱ्हाटीच्या काड्यांचे ओरखडे, आणि याडी त्यांना बाटलीतून पाणी पाजत होती. तिच्या डोक्यात कुटार, एका पायात चप्पल, काखेत कोंबडी. कोंबडीचं डोकं जागेवर होतं; नजर मात्र कुठेतरी पाच किलोमीटर मागे राहिली होती.

आता बापू काय करणार? त्यांच्या एका हाताला त्यांचा लाडका गराशा होता, तोंड पऱ्हाटीत, समोरची काच गेलेली. दुसऱ्या हाताला याडी. बापूंनी गाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते सरळ याडीपुढे जाऊन उभे राहिले.

"लागलं का वो?"

"मले काय होते!" याडी म्हणाली. "चार अंडे फुटले. अन् तुमाले हात केला तं तुम्ही उलटा हात केला! मी काय जत्रेले चालली होती?"

बापू तिथंच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसले. मग ते हसले की रडले ते मला नीट कळलं नाही. मी दुसरीकडे बघत होतो.

मग सगळी हकिकत कळली. याडी आधी ओरडली. ("मी बोंबलून राह्यली, अन् हे दोघं जोर लगाके! जोर लगाके!") मग तिनं रस्त्यावरच्या लोकांना हाका मारल्या. कुणी थांबवेना. उतार आला तेव्हा मात्र तिनं हाका सोडल्या, कोंबडी टोपल्याखाली कोंबली, जॅकचा दांडा शोधला आणि केबिनच्या प्लायवूडवर घाव घातले. तिसऱ्या घावाला फळकूट आत पडलं.

"काका," गावंडेभाऊ बापूंना सांगत होते, "मी एकटाच गाडीत. ब्रेक नाही. उतार आला. अन् मांगून एकदम बांगड्याचा हात आला नं! मानेले धरलं! मी म्हटलं, झालं, हडळ न्याले आली."

"मंग?"

"मंग आवाज आला, 'तीनदा दाब रे भैताडा!' मीनं दाबलं तीनदा. तवा कोठं गाडी ढिली पडली, अन् मी म्हटलं आता हे पऱ्हाटीच बरी."

बापूंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मुलाखतीचा तोच चेहरा.

"तुमाले चढावर उडी मारता आली असती," बापू म्हणाले. "गाडी हळूच चढते तेथी. काहून नाही मारली?"

"अशी कशी मारन, काका? दुसऱ्याची गाडी हाये. सोडून देली तं कोनाच्या अंगावर जाईन."

बापू उठले. गावंडेभाऊंच्या अंगावरच्या काड्या त्यांनी एकेक करून काढल्या. मग म्हणाले, "गाडी तुमाले देली."

नऊ वर्षं! बाभूळवाला, दारवाला, किलोवाला, सगळे नापास; आणि हा माणूस आईसकट गाडी पऱ्हाटीत घालून पास!

"काका," गावंडेभाऊ चाचरत म्हणाले, "एक सांगतो. मले चालवाले पाहिजेच नव्हती. माहा ढाबा हाये बाभुळगाव रोडले. तेथी दारात उभी करायची होती. जुनी गाडी पाह्यली का लोक थांबते, फोटो काढते, अन् मंग जेवाले बसते."

"उभीच करायची होती?" याडीनं विचारलं.

"हो ना माय."

"तं मंग टायल कायले घेतली?"

गावंडेभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. फक्त बोट. याडी, बापू, उकंडाभाऊ आणि कोंबडी, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मूल्यशिक्षणाच्या मास्तरांना त्या क्षणी पऱ्हाटीच्या ढिगात एक मोकळी जागा दिसत होती.

शेतवाल्याच्या ट्रॅक्टरनं गराशाला बाहेर ओढलं. इंजिनाला काहीही झालं नव्हतं. बापू म्हणाले, "उभाच राहायचा हाये तं ढाब्यावर आपल्या पायानं जाऊ दे," आणि स्वतः स्टेअरिंगवर बसले. गावंडेभाऊंनी त्यांच्याशेजारी बसायला साफ नकार दिला. ते उकंडाभाऊच्या मोटरसायकलवर गेले. मी सवयीनं केबिनकडे निघालो, तर बापूंनी हात आडवा केला.

"तुही याडी बसंल पुढं."

याडी जागच्या जागी थांबली. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की मी तिला कधी केबिनमध्ये बसलेलं बघितलंच नव्हतं. पुढे बापू असायचे, त्यांचे दोस्त असायचे, मोठा झाल्यावर मी असायचो. ती कायम मागे, पोत्यांवर. तिनं पदर सारखा केला, कोंबडी माझ्या हातात दिली आणि पुढे चढून बसली. गाडी निघाल्यावर काच नसलेल्या खिडकीतून तिचा आवाज मागे येत राहिला. "हळू... वळन हाये... आता दाबा... एक... दोन..." बापू ऐकत होते. मी मागे कुटारात बसलो होतो, मांडीवर कोंबडी, तिच्याखाली वाचलेली अंडी, आणि दर खड्ड्याला ती माझ्या बोटाला चोच मारत होती. (तिच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच होतं.)

आता गराशा बाभुळगाव रोडला ढाब्यासमोर उभा आहे. गावंडेभाऊंनी त्याला निळा रंग दिलाय, आत दिवे लावलेत. गिऱ्हाइकं फोटो काढतात. बापू आणि याडी महिन्यातून एकदा जाऊन येतात, केबिनमध्ये बसून चहा पितात, आणि गावंडेभाऊ त्यांच्याकडून कधी चहाचे पैसे घेत नाहीत.

मी मात्र बरेच दिवस तिकडे फिरकलो नाही. मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका बाईंची बदली झाली, म्हणून सगळ्या स्टाफनं जेवायला जायचं ठरवलं, तर ठिकाण नेमका तोच ढाबा. मी हेडमास्तरांना दोन दुसरी ठिकाणं सुचवली. कुणी ऐकलं नाही.

मी मान खाली घालून आत शिरत होतो, तोच गल्ल्यावरून गावंडेभाऊ ओरडले, "अरे, हेच ते मास्तर!"

सगळा ढाबा वळला. मग मला कळलं, की गावंडेभाऊ येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हकिकत सांगतात, आणि गाडीपेक्षा त्या हकिकतीवरच ढाबा जास्त चालतो. एक कुटुंब जेवण अर्धवट टाकून उठलं. एकजण म्हणाला, "सर, एक फोटो. गाडीच्या मांगं उभे राहा, ढकलल्यासारखं करा."

नाही म्हणायची सोय नव्हती. बाईंसकट सगळा स्टाफ मोबाईल काढून उभा होता. मी फळीला खांदा लावला. फोटो निघाला. त्या माणसानं तो बघून मान हलवली, "नाही सर, जोर नाही दिसून राह्यला." दुसरा काढला. तोही खोटा वाटतो म्हणे.

तेव्हा आमचे हेडमास्तर पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, आत आई बसेल हाये असं समजा."

तो फोटो झकास आला.